करकपातीचे देणे

निवडणुकीतील औदार्याचे देणे अखेर कोणाला फेडावे लागते, हे श्रीलंकेने दाखवून दिले आहे. २०१९ च्या अखेरीस तेथील नव्या राजवटीने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. तिजोरी आटली, त्यातच महासाथीने पर्यटन बसले. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबली. जुलैत राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर निघून गेले. इंधनाच्या रांगेत उभी राहिली ती सामान्य जनता. आणि जानेवारी २०२४ पासून तोच कर १८ टक्के झाला! उत्पन्नाचा पर्यायी मार्ग न सांगता दिलेली सवलत म्हणजे पुढाऱ्याने जनतेच्या नावे काढलेले कर्जच होय. सवलतींची खैरात करीत मते मागावयास येणाऱ्यांना आपणही एवढेच विचारावे : पैसा कोठून आणणार?