असई : पन्नास हजार विरुद्ध पाच हजार?

मंडळी, वॉटर्लू आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. १८ जून १८१५, नेपोलियन हरला, वेलिंग्टन जिंकला. पण त्याच वेलिंग्टनला पुढे कुणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितली! असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनच्या बाजूचं लहानसं गाव. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने (हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला.

ही लढाई दोन तऱ्हांनी सांगितली जाते. इंग्रजी तऱ्हा अशी, की शिस्तीच्या पाच हजारांनी बेशिस्त पन्नास हजारांना पळवून लावलं. आपली तऱ्हा अशी, की फितुरी झाली, नाहीतर आपण जिंकलोच होतो. छत्तीस वर्षं वर्गात इतिहास शिकवला, पण यातली एकही तऱ्हा मला पटलेली नाही.

आधी आकडे बघू. शिंद्यांच्या बाजूने खरी लढली ती कवायती पायदळाची दहा-अकरा हजार माणसं आणि तोफखाना. बाकीचं प्रचंड घोडदळ बहुतेक बघत राहिलं. उलट वेलस्लीच्या साडेचार हजारांत निम्म्याहून जास्त मद्रासकडचे देशी शिपाई होते. शिवाय म्हैसूरचे आणि खुद्द पेशव्यांचे स्वार त्याच्या बाजूला होते. म्हणजे मराठे दोन्हीकडे! मग 'गोरे विरुद्ध मराठे' हे चित्र आलं कुठून?

आता बेशिस्तीचं. वेलस्लीने कैलना नदी अनपेक्षित ठिकाणी उतरून बगलेवर हल्ला करायचं ठरवलं. त्याबरोबर शिंद्यांच्या पलटणींनी भर मैदानात अख्खी रांग फिरवून त्याच्याकडे तोंड केलं. बेशिस्त जमावाला हे जमतं का हो? तोफखान्याचे काही गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून मारा केला. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून १५८४ माणसं गेली, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. वॉटर्लूला वेलिंग्टनच्या फौजेची हानी साधारण चौथ्या हिश्श्याची होती. एवढी माणसं गमावलेली पाहून थॉमस मन्रोसारख्या कंपनीच्याच अधिकाऱ्याने विचारलं, की स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येईपर्यंत थांबला का नाहीत?

राहिली फितुरी. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी फोडले, हे खरंच आहे. पण ते परके अधिकारी तिथे होते कशासाठी? महादजींनी द बॉयनकडून पलटणी उभ्या करवल्या, ही दूरदृष्टीच. मात्र त्या पलटणींना हुकूम देणारी आपली माणसं पुढच्या वीस वर्षांत कुणी तयार केली नाहीत. असईला सूत्रं होती पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे. पगारी माणूस जास्त पगाराकडे गेला, तर त्याला फितूर म्हणून आपण आपली जबाबदारी टाळतो. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ सालच्या पुस्तकाचं सार हेच आहे. कंपनीची सरशी शस्त्रांत नव्हती, पैशात आणि लढणारी माणसं विकत घेण्याच्या ताकदीत होती.

त्यात आपली एकी बघा. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे-पेशव्यांना हरवलं. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने वसईला कंपनीशी तह केला. आपल्या घोडबंदरवरून खाडीपलीकडे जो मुलूख दिसतो ना, तीच वसई! असईची लढाई खरं म्हणजे तिथे निम्मी हरली होती. पुढे शिंदे-भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले.

ब्ल्यूखरचे प्रशियन वेळेवर आले नसते तर वॉटर्लूला काय झालं असतं, यावर युरोपातले लोक अजून हिरीरीने भांडतात. आपल्या विजेत्यालाही ते सवाल करतात. आपण मात्र हरलेल्या लढाईला एक वाक्य देतो, तेही बहुधा इंग्रजांकडून उसनं घेतलेलं.

वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या आणि त्याने त्यांची तारीफ केली. तोफांपाशी मेलेल्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. ती माणसं पळाली नव्हती, एवढं तरी नातवंडांना सांगू या. सरदार का हरले, तेही त्याच दमात सांगू या.

असो. कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा, वाद घालायला मला आवडतं!