अकराव्या वर्षाचा विचार

बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने पंडिता रमाबाईंना मदतीचा शब्द दिला, तो दहा वर्षांचा. वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनी अमेरिकेत गावोगावी मंडळं काढून वर्गणी जमवली. ज्यांचं तोंडही कधी दिसणार नव्हतं अशा विधवा मुलींसाठी ही माणसं वर्षामागून वर्षं पैसे पाठवत राहिली. त्यातूनच मार्च १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

रमाबाईंचं मोठेपण मला दिसतं ते यापुढे. पैसे येत होते तेव्हाच त्या अकराव्या वर्षाचा विचार करत होत्या. मुदत संपल्यावर मुलींनी खायचं काय? पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा बेत होता. झाडं फळाला यायला वर्षं लागतात, तेव्हा मुदत सरायच्या आत ती लावायलाच हवी होती.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. शारदा सदन तोवर पुण्याला हललं होतं, पण तिथे प्लेगमुळे या मुलींना ठेवणं अशक्य होतं. केडगावचं रान हाताशी होतं, म्हणून त्या जगल्या. बागेसाठी घेतलेल्या त्याच जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं आणि १९००च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छपाईचे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात छापलं गेलं, ते तिथल्याच मुलींच्या हातांनी. परक्यांच्या पैशाचं याहून चांगलं चीज झालेलं मला ठाऊक नाही.

ख्रिस्ती शिकवणीत धन देवाचं आणि माणूस त्याचा कारभारी. कारभाऱ्याला हिशेब चुकत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण मार्कच्या शुभवर्तमानात तिच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडला आहे, हे सांगायचं राहून जातं. दोन्ही प्रसंग एकत्रच वाचले पाहिजेत. देणाऱ्याचं मन जितकं मोठं, तितकी घेणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आपल्या वसईतही ही समज होती. मॉन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी १९१८ साली तिथे कॅथलिक पतपेढी काढली; तीच आजची बसीन कॅथलिक बँक. गरजूच्या हातावर चार पैसे ठेवून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी त्याला बचतीची सवय आणि कर्जाची सोय दिली.

यंदाच्या दिवाळीत बोनसमधलं काही कुणाला द्यायचं तुम्ही ठरवलं असेल. एकदाच भरघोस देण्यापेक्षा थोडं द्या, पण पाच-दहा वर्षांचा शब्द द्या आणि संस्थेकडे दरवर्षी हिशेब मागा. मुदत संपल्यावर काय करणार, हेही विचारा. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.