आधी पाणी, मग मासा

घरात नवी काचपेटी आली की मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. तळाशी वाळू पसरली जाते, चार गोटे मांडले जातात, नळाचे पाणी भरले जाते आणि दिवेलागणीपूर्वीच पिशवीतून आणलेले दहा-बारा रंगीत मासे त्या पाण्यात सोडले जातात. पहिला दिवस कौतुकात जातो. शेजारीपाजारी येऊन पाहून जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आठवडा संपतो न संपतो तोच त्यांपैकी निम्मे पोट वर करून तरंगू लागतात. मग कोणी दुकानदाराला दोष देतो, कोणी माशांच्या जातीला, तर कोणी दैवाला. पाण्याला मात्र कोणीच दोष देत नाही. कारण ते अजूनही काचेसारखे स्वच्छ दिसत असते.

वस्तुतः घात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यानेच केलेला असतो. परंतु त्याहून मोठा अपराध, ते पाणी तयार होईपर्यंत न थांबणाऱ्या माणसाच्या उतावळेपणाचा असतो. स्वच्छ पाणी निराळे आणि राहण्याजोगे पाणी निराळे, हा भेद ज्याला कळला त्यानेच मासे पाळावेत.

मासा जे अन्न खातो त्यातील निरुपयोगी भाग तो अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजली म्हणजे त्यांतूनही अमोनियाच निर्माण होतो. नदीत किंवा मोठ्या तलावात पाण्याचा साठा अफाट असतो. तेथे हे विष विरून जाते आणि त्याची विल्हेवाट लावणारेही तेथे असतात. चार घागरी पाण्याच्या पेटीत ते साचत जाते. त्याला रंग नसतो, अल्प प्रमाणात वासही जाणवत नाही; परंतु तेवढ्यानेही माशांचे नाजूक कल्ले होरपळतात.

निसर्गाने या विषावर उतारा ठेवलेला आहे. काही सूक्ष्म जीव अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. हे नायट्राइटही विषारीच असते. ते रक्तात शिरले म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू या नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य असते. थोडे पाणवनस्पती शोषून घेतात आणि उरलेले पाणी बदलताना निघून जाते. हे उपकारी जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत; ते वाळूच्या कणांवर, गोट्यांवर आणि विशेषतः गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्ती नसते. शिवाय तिची वाढ अत्यंत मंद असते. अन्न नासवणारे सामान्य जीवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात; यांना दुप्पट होण्यास कित्येक तास, कधी एक दिवसाहूनही अधिक काळ लागतो. नव्या पेटीला तयार होण्यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात, त्याचे कारण हे आहे.

माणसाला हे ज्ञान सहजासहजी झाले नाही. १८५० साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पाण्याच्या एका पात्रात सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवून त्यांचे सहजीवन अभ्यासले. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. त्या सडकी पाने खाऊ लागल्या आणि पात्रातील समतोल टिकला. वनस्पती, मासा आणि गोगलगाय हे परस्परांचे आधार आहेत, हे त्यांनी दाखवले. परंतु या तिघांच्या पलीकडे एक चौथा, अदृश्य भागीदार आहे, हे तेव्हा अज्ञात होते.

तो उजेडात आला १८७७ साली. श्लोसिंग आणि म्यूंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व खडू भरलेल्या एका नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवले. पहिले सुमारे २० दिवस त्या पाण्यात काहीच फरक पडला नाही. त्यानंतर त्यातील अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट उतरू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. जे औषधाने निपचित पडते ते सजीवच असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पुढे वॉरिंग्टन यांच्याच मुलाने, ज्याचे नावही रॉबर्ट होते, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात ही क्रिया दोन टप्प्यांत घडते हे दाखवून दिले, आणि १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीवाणू वेगळे करून वाढवले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जीवाणूही २०१५ साली आढळले आहेत. शेतात शेणखताचे पीक पोसणारे अन्न ज्या जातीच्या जीवांमुळे होते, त्याच जातीचे जीव काचपेटीतील माशाला जगवतात. पित्याने माशांच्या पात्रापाशी सोडलेला धागा पुत्राला शेताच्या मातीत सापडला, तो यामुळेच.

तेव्हा पेटी कशी सिद्ध करावी? नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरिन असतो. तो माशांना आणि या उपकारी जीवाणूंनाही घातक ठरतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास तो बहुधा उडून जातो. जेथे क्लोरिन अमोनियाशी जोडून वापरतात, तेथे मात्र त्यासाठी मिळणारे औषध घालावे लागते. मग गाळणी व हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. कारण या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो. मासे नसतानाही माशांच्या खाद्याची एक चिमूट रोज पाण्यात टाकावी. ते कुजून अमोनिया निर्माण होतो आणि जीवाणूंना खाणे मिळते. दुधाला विरजण लावावे त्याप्रमाणे, एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील गाळणीच्या स्पंजाचा तुकडा मिळाल्यास तो नव्या गाळणीत ठेवावा. काम लवकर होते. विरजणाशिवायही ते होते, परंतु वाट अधिक पाहावी लागते.

पाण्यात काय चालले आहे हे थेंबांच्या परीक्षण-संचाने कळते. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. खाद्य टाकणे चालू असूनही अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही सलग काही दिवस शून्य आढळली म्हणजे पाणी तयार झाले असे समजावे. मासे आणण्यापूर्वी निम्मेअधिक पाणी बदलले म्हणजे साचलेले नायट्रेट निघून जाते.

यावर काही जण म्हणतात, ‘एवढा खटाटोप कशाला? चार स्वस्त मासे आधी सोडावेत. त्यांच्याच अमोनियाने जीवाणू वाढतील. मेले तर मेले; खरे मासे मागाहून आणावेत.’ ही रीत पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि तिने पाणी तयार होते हेही नाकारता येत नाही. परंतु जे काम चिमूटभर खाद्य करू शकते, त्यासाठी सजीवाला विषात ठेवणे कोणत्या न्यायात बसते? माशाची किंमत बाजारात पाच-दहा रुपये असेल. त्याच्या गुदमरण्याला बाजारभाव नसतो. तो ओरडत नाही, म्हणून त्याचे दुःख आपल्या कानी पडत नाही, इतकेच. मुक्या जीवाचा मूकपणा ही त्याला छळण्याची मुभा नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की मुलांना सहा आठवडे धीर कसा धरवेल? हा आक्षेप अधिक विचारात घेण्याजोगा आहे. रिकाम्या पेटीपुढे बसून राहणे कोणत्याही मुलाला जड जाईल. परंतु त्याच्या हाती वही द्यावी. रोज परीक्षण-नळीत थेंब टाकून पाण्याचा रंग त्याने पाहावा व नोंदवावा. डोळ्यांना न दिसणारी एक सृष्टी वसत आहे, हे त्याला रंगांच्या बदलातून दिसू लागले म्हणजे ती पेटी त्याला रिकामी वाटणार नाही. शेतकऱ्याचे मूल नांगरणी-वखरणी पाहत वाढते. मशागतीआधी पेरणी होत नाही, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही. शहरातील मुलाला तो धडा देण्यास काचपेटीसारखे साधन विरळाच.

आता पहिला मासा कोणता? रंग पाहून निवड करणारा बहुधा फसतो. सोनमासा दिसतो देखणा; परंतु तो वीतभर वाढतो, पुष्कळ घाण करतो आणि नीट राखला तर दहा-दहा वर्षे जगतो. त्याला गोल बरणीत ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य तोडणे होय. ‘फायटर’चे दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांचे कल्ले-पर फाडतात. काच साफ करतो म्हणून आणलेला ‘सकर’ हा दक्षिण अमेरिकेतला मासा दीड फुटांपर्यंत वाढू शकतो. ‘मिस केरळ’ हा सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ओढ्यांतला सुंदर मासा. परंतु शौकिनांसाठी त्याची इतकी पकड झाली, की रानातला त्याचा वंशच धोक्यात आला आहे.

याउलट झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशातील मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या मत्स्यसृष्टीवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या, लांबी सुमारे ४ सेंटिमीटर, भातखाचरांत व संथ ओढ्यांत राहण्याची सवय. त्यामुळे ऊन-थंडीचे चढउतार तो सहज सोसतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासला जातो. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच, म्हणजे सुमारे ५४ लिटरच्या पेटीत असे सहा मासे आरंभी पुरेत. तो थव्याने राहणारा आहे, म्हणून एकटा-दुकटा आणू नये. आणि तो चपळ उडी मारतो, म्हणून पेटीवर झाकण असावे. या सहांना स्थिरावू द्यावे. जीवाणूंची वस्ती मिळेल तितक्या अन्नाच्या मानाने वाढते; एकदम गर्दी केली तर तयार पाणीही पुन्हा बिघडते. म्हणून पुढील मासे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, थोडे थोडे आणावेत.

पेटी सजली म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. गाळणीचा स्पंज नळाखाली कधी धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो खळखळावा, नाहीतर महिनाभराची वस्ती एका क्षणात वाहून जाईल. आणि मासे नकोसे झाले तर ते नदीत वा तलावात सोडू नयेत. सोडणाऱ्याला ते पुण्यकर्म वाटते; पण परदेशी सकर असाच आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरला असून तेथील मूळच्या माशांच्या मुळावर आला आहे. नको असलेला मासा दुसऱ्या जाणत्या पालकाच्या हाती सोपवावा.

पाण्याबाहेर येऊन आपली अडचण सांगणे माशाला शक्य नसते. पाळणाऱ्याने जे पाणी दिले, तेच त्याचे सारे जग. कोणाही जिवाला घरी आणण्यापूर्वी त्याच्या जगण्याची सोय करावी, हा साधा गृहस्थधर्म आहे. पाहुणा उंबरठ्यावर उभा असताना कोणी घराचा पाया खणू लागत नाही. सहा आठवडे थांबलेल्या मुलाच्या पेटीत ज्या दिवशी सहा पट्टेदार मासे प्रथम पोहू लागतील, त्या दिवशी त्याचा आनंद इतरांपेक्षा उशिरा आलेला असेल. परंतु तो आठव्या दिवशी मावळणारा नसेल.