भार नाहीं म्हणजे विसांवा नव्हे

गेल्या भाद्रपदांत कर्जतास आमच्या नातवानें गिटारीसाठीं व्हॉल्व्हचा एक जुना ध्वनिवर्धक आणिला. सायंसंध्येस गोंगाट नको. पण व्हॉल्व्ह तापण्यास वेळ लागतो. म्हणून "यंत्र चालूं दे, स्पीकरची तार तेवढी काढ" असें आम्हींच सांगितलें. नातवाचीं बोटें तारांवर चालूंच होतीं. आचमन होतें न होतें तोंच जळका वास सुटला. त्याची वर्षभराची सांठवण आमच्या अज्ञानापायीं गेली.

शेजारच्या खालापूर तालुक्यांतील खोपोलीहून १९१५ सालीं मुंबईस वीज जाऊं लागली, ती ट्रान्सफॉर्मरनें दाब चढवून. ध्वनिवर्धकांतील ट्रान्सफॉर्मर उलट दाब उतरवितो. व्हॉल्व्हला भार हवा हजारों ओहमांचा, स्पीकर तर ८ ओहमांचा! वेढ्यांचें प्रमाण २५ धरल्यास त्याचा वर्ग ६२५. ८ नें गुणिलें कीं व्हॉल्व्हला ५,००० ओहम भासतात. यासाठींच पाठीमागें ४, ८, १६ अशीं टोकें असतात. ८ चे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ४ चें टोंक घ्यावें, एकामागें एक जोडल्यास १६ चें. (मीटर ८ च्या स्पीकरला सहासातच ओहम दाखवितो; त्यानें गोंधळूं नये.)

आणि स्पीकरच नसला तर? भार उतरला कीं बैलास विसांवा मिळतो, व्हॉल्व्हला नाहीं. शक्तीस वाट न मिळाल्यामुळें पहिल्या वेढ्यांवर दाब भलताच चढतो आणि तारेवरील आवरण फुटून ठिणगी पडते.

नवा ट्रान्सफॉर्मर आमच्या निवृत्तिवेतनांतून आला. संध्येच्या वेळीं नातू आतां यंत्रच बंद करितो.