कापसाच्या मुलखातली उन्हाळी शाल

मे महिन्यात हिंगोली, कळमनुरी, वसमतकडे दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायचे तर डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळल्याशिवाय भागत नाही. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठाक, आणि गाडीवर बसले की झळा थेट तोंडावर. अशा उन्हातून एखादी बाई बँकेत येते, बाकावर टेकते, आणि दहा मिनिटांत तिचे खांदे आखडतात. एसीचा झोत नेमका मानेवर. डोक्याचा रुमाल सोडून ती तोच अंगाभोवती घेते. तो पुरत नाही, मग पदर ओढून घेते. दवाखान्यात, कापडाच्या मोठ्या दुकानात, मंगल कार्यालयात हेच दिसते. ही बाई आपली गिऱ्हाईक आहे, हे विणकाम करणाऱ्यांनी अजून ओळखलेले नाही. या अंकात तेवढेच बोलायचे आहे.

२०२४ मध्ये जालना–मुंबई जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली. मुंबईला जायचे म्हणजे आता अख्खा दिवस एसी चेअरकारमध्ये बसून काढायचा. झोपायच्या एसी डब्यात चादर-ब्लँकेट मिळते, चेअरकारमध्ये मिळत नाही. मनमाड येईपर्यंत लोक पिशवीतून काय काय काढतात ते पाहावे: टॉवेल, बेडशीट, लेकराचे स्वेटर. नेमके जे हवे ते कोणाकडेच नसते, कारण ते कोणी विणलेलेच नसते.

थंडी वाजते ती बहुतेक बायकांना, आणि त्यावर घरात-कचेरीत थट्टा होते. थट्टेचे कारण नाही. बोरिस किंग्मा आणि वूटर व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात मांडले की कचेऱ्यांमधल्या तापमानाचा हिशेब ज्या चयापचयाच्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा सरासरी पुरुषाचा आहे. बसून काम करणाऱ्या बाईच्या शरीरात तेवढी उष्णता तयार होत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून खोलीत बसवायच्या नव्या एसींना २४ अंश हे मूळ तापमान ठरवून देणे बंधनकारक झाले, पण रिमोट ज्याच्या हातात तो ते १८ वर नेतो. तेव्हा काउंटरमागच्या बाईला काकडायला होते, त्यात तिचा नाजूकपणा कुठेच नाही.

आपण तिला काय देतो? हिवाळ्यातली उरलेली शाल. बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे. ॲक्रिलिकला नावे ठेवायची नाहीत. स्वस्त आहे, रंग टिकतो, शाळेच्या स्वेटरला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. पण कापूस साधारण ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, मेंढीची लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, आणि ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. उन्हातून घामेजून आलेल्या मानेवर ॲक्रिलिक घातले की घाम मुरायला जागाच राहत नाही. आधी चिकट, मग गार. त्यात एसीची हवा कोरडी. ॲक्रिलिकमध्ये वीज साचते, शाल साडीला चिकटते, काढताना चटचट आवाज येतो. ती बाई शाल घडी करून खणात टाकते आणि पुन्हा पदर ओढते.

आमचे म्हणणे असे की उन्हाळी शालीला हिवाळी शालीची पातळ नक्कल समजू नये. ती वेगळी वस्तू आहे. तिचे सूत वेगळे, वीण वेगळी, माप वेगळे, किमतीचा हिशेबही वेगळा.

ऊब येते ती धाग्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. मेंढीची लोकर मुळात कुरळी, म्हणून ती हवा धरून ठेवते. सुताला तो कुरळेपणा नाही. कितीही जाड विणले तरी सूत लोकरीसारखे ऊबदार होणार नाही, नुसते जड होईल. पण एसीच्या खोलीत आपल्याला कडाक्याच्या थंडीशी लढायचे नसते, झोत अडवायचा असतो. पंचवीस अंशांची हवा स्थिर असली तर कोणी कुरकुरत नाही; तीच मानेवरून सतत वाहत राहिली की आखडायला होते. म्हणून मोठमोठ्या जाळ्यांची देखणी लेस इथे कामाची नाही. भोके लहान हवीत, पण दाट हवीत. साबुदाण्याची वीण, किंवा चार ओळी सुलट विणून पाचव्या ओळीत धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, अशी बारीक जाळी चांगली बसते. उन्हात ती एकेरी घेतली तर वारा आरपार जातो, एसीत दुहेरी घेतली तर भोकावर भोक येत नाही आणि झोत अडतो. एकच शाल दोन्हीकडे चालते, ती घडीच्या जोरावर.

आता सूत, आणि इथे जरा थांबायला हवे. हिंगोली जिल्ह्यात कपाशी आहे, जिनिंग आहे. गाठी बांधल्या जातात आणि बाहेर जातात. आपल्या गल्लीतल्या दुकानात मात्र हातविणकामाचे सुती सूत मागितले तर दुकानदार क्रोशाचा चकचकीत दोरा पुढे करतो. तो मर्सराइज्ड दोरा. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याची ही प्रक्रिया शोधली. पुढे सूत ताणून धरून ती केली की चमक येते असे लक्षात आले, आणि आजचा दोरा तयार झाला. टेबलावरच्या रुमालाला, तोरणाला तो उत्तम. पण पीळ घट्ट, अंग कडक आणि स्पर्श गार असल्यामुळे खांद्यावर तो लोंबतो, लपेटला जात नाही.

आपल्याला हवे आहे ते साधे, मऊ पिळाचे, अनेक पदरी सूत. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. नंबर मोठा तितके सूत बारीक, आपल्या सुयांसारखेच. २० नंबरचे चार पदर एकत्र वळले तर १०० ग्रॅममध्ये सुमारे ८५० मीटर भरते. दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद शाल एवढ्या सुतात जवळजवळ होते. म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत पूर्ण वस्तू, पर्समध्ये एका कोपऱ्यात मावणारी. सोलापूर, इचलकरंजीकडच्या सूत व्यापाऱ्यांकडे २० नंबरचे सूत कोनवर मिळते. चार कोन एकत्र धरून विणले तरी चालते, फक्त सुई चारही पदरांखालून जाते आहे ना याकडे लक्ष ठेवावे लागते.

या २० नंबरात आमच्या मुलखाचे एक जुने दुखणे आणि त्यावरचा एक उपाय दोन्ही आहेत. निजामाच्या काळात परभणी-नांदेडच्या पट्ट्यात गावराणी कपाशी नावाजलेली होती, आणि आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीचे सुधारित वाण काढले. तरी २००२ नंतर शेतात बीटी संकरित वाण पसरले आणि देशी कपाशी बांधाला लागली. गिरण्यांची तक्रार अशी की देशी कपाशीचा धागा आखूड, त्यातून बारीक सूत निघत नाही. पण हातविणकामाला बारीक सूत हवे कोणाला? आपण २० नंबरसुद्धा चौपदरी करून वापरतो. गिरणीला जो धागा आखूड पडतो तो आपल्याला पुरून उरतो. देशी कपाशी कोरडवाहू जमिनीत तग धरते, तिला फवारणी कमी लागते. तिच्यासाठी हातविणकामाचे सूत हे एक लहानसे पण खरे गिऱ्हाईक होऊ शकते. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, जिथे राष्ट्रध्वज तयार होतो. हिंगोलीहून ते अंतर फार नाही. सूतकताईचे ज्ञान शेजारी आहे, कापूस अंगणात आहे, विणणारे हात गावोगावच्या बचत गटांत आहेत. मध्ये फक्त एक वस्तू नाही: विणकामासाठी वळलेली चौपदरी लडी. ती मागायला आपणच गेले पाहिजे. दहा जणींनी वेगवेगळे जाऊन पाव-पाव किलो मागून कोणी यंत्र लावणार नाही. एका तालुक्याची मागणी एका कागदावर गेली तर निदान बोलणे सुरू होईल.

एकपदरी हातसूत हाती आले तर सरळ विणायला बसू नये. हातभर सूत घ्या, मधोमध दुमडा आणि लोंबकळू द्या. ते स्वतःभोवती फिरून गुरफटले तर त्यात पीळ जिवंत आहे. अशा सुताची सुलट वीण धुतल्यावर तिरकी होते; चौकोन विणला तर पतंग होतो, आणि कितीही ताणून वाळवले तरी सरळ येत नाही. दोन पदर घेऊन मूळ पिळाच्या उलट दिशेने वळले की ती ओढ मोडते. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही बाजूंनी सुलट विणावे, ओढ बरीचशी आपापसात मिटते.

सुई चौपदरी २० नंबरला आठ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची, घ्यावी. हात सैल असेल तर नऊ नंबर. सुताला लवचीकपणा नाही, त्यामुळे लोकरीवर सरावलेले हात पहिल्या दिवशी दुखतात; टाके सुईवर ओढून बसवायची सवय सोडली की दुखणे थांबते. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाला, नाहीतर काठ आवळतो आणि शाल होडीसारखी वळते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचला. नमुना वीतभर तरी विणा, धुवा, खालच्या काठाला कपड्याचे चार चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा, आणि मग मोजा. सूत लोकरीसारखे परत जागेवर येत नाही. जे वाढले ते वाढले. नमुना न टांगता मोजमाप काढणाऱ्यांच्या शाली महिन्याभरात गुडघ्यापर्यंत येतात.

क्रोशावाल्यांना एवढेच सांगणे की खांबांची भरीव वीण इथे टाळा. क्रोशाला मुळातच सूत जास्त लागते, आणि खांबांची शाल दुपटीने जड होते. तीन साखळ्या आणि एक मुका खांब अशी लहान जाळी पुरे.

माप ठरवताना ती कोण आणि कुठे वापरणार हे आधी विचारावे. काउंटरवर बसणाऱ्या बाईचे दोन्ही हात कामात असतात. टोके की-बोर्डवर पडतात, आणि सुती शाल खांद्यावरून घसरते, कारण लोकरीच्या केसांना खवले असतात तसे सुताला नसतात. तिच्यासाठी लांबी १४० सेंटिमीटरच ठेवा आणि एका टोकापासून वीतभर अंतरावर काजासारखी उभी फट सोडा. दुसरे टोक त्यातून ओवले की शाल जागेवर राहते, पिन लागत नाही. प्रवासाला मात्र लांब आणि रुंदच बरी.

रंगाबाबत एक स्पष्ट इशारा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हळदीत रंगवलेल्या सुताची कल्पना अनेकांना सुचते आहे. हळद सुताला लगेच रंग देते, दिसते सुरेख. पण तो रंग उन्हात उडतो, आणि साबण लागला की तांबूस डाग पडतो. उन्हाळी शाल उन्हातच जाणार, रोज धुतली जाणार. गिऱ्हाइकाला पक्का रंग म्हणून ती विकू नये. पिवळाच हवा असेल तर हिरड्यात आणि तुरटीत सूत भिजवून डाळिंबाच्या सालीचा रंग घ्या. तो हळदीइतका झळझळीत येत नाही, पण कितीतरी जास्त टिकतो.

किमतीची अडचण खरी आहे. आपल्याकडे विणकामाची मजुरी लोकरीच्या वजनावर धरायची सवय पडली आहे. उन्हाळी शालीत वजन निम्मे आणि टाके दुप्पट. वजनावर मजुरी धरली तर विणणारीच्या हाती काही उरत नाही. गिऱ्हाईक शाल हातात घेते आणि म्हणते, एवढ्याशा दोऱ्याचे एवढे पैसे? त्यावर वाद घालू नये. शाल तिच्या मानेवर दुहेरी टाकावी आणि दुकानातल्या पंख्याखाली उभे करावे. मजुरी ओळींवर धरा: एक ओळ किती मिनिटांत होते, एकूण ओळी किती, तासाचा दर काय. कागदावर लिहून गिऱ्हाइकाला दाखवायला हरकत नाही.

आणखी एक, वेळेचे. बचत गटांचे स्टॉल दिवाळीच्या आगेमागे भरतात, तेव्हा सुती शाल कोणी हातात घेत नाही. ती मार्चमध्ये मांडली पाहिजे, लग्नसराई आणि परीक्षा संपून प्रवास सुरू व्हायच्या आधी. म्हणजे विणायला बसायचे जानेवारीत. स्वेटरचे काम संक्रांतीला संपते आणि सुया होळीनंतर गुंडाळून ठेवल्या जातात, मधले ते रिकामे दिवस या शालीत भरून निघतात.

पुढच्या अंकात फटीच्या शालीचा पूर्ण नमुना, ओळीनिहाय, देत आहोत. वाचकांनीही आपले नमुने पाठवावेत. वीतभर तुकडा पुरे, पण त्याला चिठ्ठी जोडा: सुताचा नंबर, पदर किती, सुई कोणती, दहा सेंटिमीटरमध्ये टाके आणि ओळी किती, धुण्याआधीचे माप आणि टांगून वाळवल्यानंतरचे माप. सूत कुठून आणले आणि काय भावाने, हेही लिहा. हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या भगिनींनी गटाला वर्षाला किती किलो चौपदरी सूत लागेल याचा अंदाजही कळवावा. ते आकडे जिल्हावार एकत्र करून सूत वळणाऱ्या संस्थांकडे आम्ही घेऊन जाऊ.