सीडीचा कप्पा नाही, ही सबब पोकळ

नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो, म्हणून हार्ड डिस्कची नक्कल करून ठेवत नाही, असे आमच्या कापडबाजारातले कैक व्यापारी बंधू सांगतात. ही सबब पोकळ आहे. क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि पेन ड्राइव्हवरून चालतो. दुसरी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडावी. ती जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी असावी. मात्र मूळ कोणती आणि नवी कोणती, यात गफलत झाली की उलट नक्कल होऊन हिशेबच पुसला जातो. मी हे काम पोरावर सोपवून गिऱ्हाइकाकडे वळलो आणि दोन सालांची उधारी गमावली. वसुली झाली ती लोकांच्या इमानावर, तीही अर्धीमुर्धी! पडद्यावर डिस्कचे नाव व आकार दिसतो, तो मालकाने स्वतः ताडावा, मगच होकार द्यावा. डिस्क खडखडू लागेपर्यंत तर थांबूच नये.