बॅकअप आहे ना!

काही वाक्यांशी माझं जन्मजात वैर आहे. "पाच मिनिटांत पोचतो," हे त्यांतलं एक. "आमच्यात तसं काही नसतं हो," हे दुसरं. हे लग्नाच्या बैठकीत ऐकू आलं की समजावं, आकडा मोठा आहे. या जुन्या मंडळींत 2023 सालापासून एका नव्या वाक्याची भर पडली आहे. ते वाक्य म्हणजे "बॅकअप आहे ना!" आणि यातला तो शेवटचा 'ना' माझ्या विशेष रागाचा आहे. तो 'ना' समोरच्याच्या शंकेच्या पाठीवर थाप मारतो आणि तिला चहा पाजून घरी पाठवतो.

झालं असं. 2014 सालच्या जानेवारीत आम्ही आईला अजिंठा दाखवायला नेलं. आई तेव्हा शहात्तर वर्षांची. अख्खा जन्म आमच्या शहरात काढून, शंभर किलोमीटरवरचं अजिंठा तिनं पाहिलं नव्हतं. परगावचे पाहुणे आले की त्यांच्या दशम्या बांधून द्यायच्या आणि परत आल्यावर त्यांच्याकडून वर्णन ऐकायचं, इतकाच तिचा अजिंठ्याशी संबंध. फर्दापूरच्या फाट्यावर आमची गाडी सोडून एस.टी.च्या बसमध्ये बसलो, पायथ्याशी उतरलो, तर डोलीवाले पुढे आले. आई म्हणाली, "मी काय नवरी आहे?" आणि पदर खोचून पायऱ्या चढायला लागली. पहिल्या लेण्यात तिनं चपला काढल्या, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबली, आणि पद्मपाणीकडे पुष्कळ वेळ बघून मला हळूच म्हणाली, "याला कुणीतरी वाईट बातमी सांगितलेली दिसते. पण हा ओरडणार नाही कुणावर." आजवर अजिंठ्यावर मी बरंच वाचलं, यापेक्षा नेमकं काही वाचलेलं नाही.

त्या दिवशी मी एकशे त्रेचाळीस फोटो काढले. त्यांतल्या साठांत माझा अंगठा होता आणि आतल्या फोटोंत नुसता अंधार (तिथं फ्लॅश मारायला बंदी आहे, आणि असायलाच हवी). पण बाहेर कठड्याशी, मागे वाघूर नदीचं ते घोड्याच्या नालासारखं वळण आणि पुढे आई, असा एक फोटो होता. आई 2019 साली गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा घाईत रेशनकार्डाच्या वेळचाच हाती लागला, ज्यात ती सरकारवर रागावलेली दिसते. म्हटलं, अजिंठ्याचा सावकाश मोठा करून आणू. घाई कसली? बॅकअप आहे ना!

2023 साली तो सावकाशपणा संपला. फोटो उघडला, तर वरती दोन बोटं आभाळ आणि कठड्याची एक सळई. खाली सगळा राखाडी पडदा. दुसरा उघडला, तेच. तिसऱ्यात आईचं कपाळ हिरवं आणि नाक शेजारच्या डोलीवाल्याच्या खांद्यावर. भाच्याला बोलावलं. तो संगणकातला. त्यानं दोन कळा दाबल्या आणि म्हणाला, "मामा, फायली करप्ट झाल्यात." करप्ट हा शब्द मी आयुष्यभर माणसांच्या बाबतीत ऐकत आलो होतो. करप्ट माणसाचा बंगला होतो. करप्ट फोटोचं असं काहीही होत नाही.

"पण घाबरू नका," तो म्हणाला, "बॅकअप आहे ना!"

बॅकअप होता. बाहेरच्या डबीत सगळे एकशे त्रेचाळीस फोटो होते आणि झाडून सगळे तस्सेच बिघडलेले. तेच हिरवं कपाळ, तेच स्थलांतरित नाक. मग उलगडा झाला. 2021 साली नवा संगणक घेतला तेव्हा जुन्या, शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवरून फोटो इकडे आणले. ते येतानाच मोडून आले. मोडके फोटो डबीनं दर रविवारी रात्री अकरा वाजता, एकही खाडा न करता, भक्तिभावानं उतरवून ठेवले. आणि जुना संगणक भंगारवाल्यानं चारशे रुपयांना नेला. म्हणजे अस्सल भंगारात, आणि नक्कल सिंहासनावर.

कॅमेऱ्याचं कार्ड होतं. त्यावरून नंतर भाचीचं लग्न काढलं होतं. फायली पुसल्या तरी आतला मजकूर लगेच जात नाही, नुसती अनुक्रमणिका फाटते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं शोधून काढता येतं. हे मला शहरातल्या एका दुकानदारानं समजावलं, आणि ते खरं आहे. फक्त भाचीचं लग्न तीन दिवस चाललं होतं आणि जावयाकडच्यांना फोटोंची हौस होती. कार्ड काठोकाठ भरलं होतं. दुकानदारानं दोन हजार रुपये घेऊन मला पंगतीचे सातशे फोटो परत मिळवून दिले, जे माझ्याकडे आधीच होते.

शेवटी एक गोष्ट निघाली. फोटोच्या फायलीच्या सुरुवातीलाच त्याची एक चिमुकली प्रत कॅमेरा ठेवून देतो. धड मोडलं तरी डोकं बऱ्याचदा शाबूत असतं. त्यांतून भाच्यानं पोस्टाच्या तिकिटाएवढ्या आया काढून दिल्या. मोठ्या केल्या की त्यांचे चौकोन होतात. आई चौकोनी कधीच नव्हती.

आता "तुम्ही तपासलं नाहीत," असं मला कुणी सांगू नये. भाच्यानं ते सांगितलं आहे, आणि तो बरोबर आहे. माझं भांडण वेगळंच आहे. 'बॅकअप' हा शब्द ज्या तालात विकला जातो त्यात 'आता झोपा' असा अर्थ भरलेला असतो. कुठलाही विकणारा असं म्हणत नाही की बाबा रे, वर्षातून एकदा उघडून चार फोटो बघ. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती अफवा आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं एक नियम रूढ केला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. नियम उत्तम आहे. पण बिघडलेल्याच्या तीन प्रती केल्या तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

यावर आमच्या वयाची मंडळी लगेच टाळ्या वाजवतात. "म्हणूनच म्हणतो, जुने कागदाचे फोटोच बरे!" त्यांच्याशीही माझं भांडण आहे. आमच्या लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. तिनं नवरदेव संपवला आणि भटजी ठेवला. कागद, कापड, दगड कुणीही वचन देत नाही. ते पटत नसेल त्यांनी अजिंठ्याला जावं. तिथल्या चित्रांच्या नकलांची गोष्ट ऐकली की माझ्या डबीला मी निम्मी माफी देतो.

रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. 1844 साली त्याला या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. अजिंठा गावच्या बारादरीत राहून तो 1863 पर्यंत तैलरंगात मोठाल्या नकला करत राहिला. अठराएक वर्षं! उन्हाळे, हिवताप, पारू नावाच्या इथल्याच स्त्रीची साथ आणि 1856 साली तिचा मृत्यू. (त्यावर 2012 साली मराठीत चित्रपटही आला.) नकला विलायतेत गेल्या, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि 1866 च्या डिसेंबरात तिथं आग लागून जळाल्या. चार-पाच तेवढ्या वाचल्या. या गृहस्थानं काय करावं? नव्यानं सुरुवात करतो म्हणून रंग आणि कॅमेऱ्याचं सामान मागितलं. 1879 साली तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. हिवाळ्यांमागून हिवाळे खपून त्यांनी शेकडो नकला केल्या. त्या ठेवल्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये. 1885 साली तिथं आग लागली आणि त्यांतल्या पुष्कळशा गेल्या. पुढे जपानी चित्रकार आराई काम्पो आले, त्यांनी आपल्या देशी प्रती नेल्या, तर 1923 च्या तोक्योच्या भूकंपात त्या गेल्या. एखाद्याच्या पत्रिकेत शनी असतो, अजिंठ्याच्या प्रतींच्या पत्रिकेत अग्नी आहे.

आणि गंमत पाहा, भिंत मात्र तिथंच उभी होती. वटवाघळं, गळती, पाहुण्यांचे श्वास सोसत. 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरून ठेवलं तेही सोसून. ती खरी पिवळी पडली ती तिला जपायला म्हणून फासलेल्या व्हार्निशनं.

जपानातल्या होर्यूजी मंदिराची गोष्ट तर याच्याही पुढची. तिथल्या भिंतीवरच्या चित्रांचं अजिंठ्याशी नातं सांगतात. त्यांच्या नकला करायचं काम चालू असतानाच 1949 च्या जानेवारीत आग लागून मूळ चित्रंच जळाली. नकलाकार थंडीत वापरत त्या विजेच्या उबेच्या गाद्यांवर संशय घेतला गेला. तिथं वाचवलं कुणी? 1935 साली कुणीतरी त्या भिंतींची मूळ आकारात छायाचित्रं काढून ठेवली होती. त्यांच्या आधारावर 1967-68 साली चित्रं पुन्हा रंगवून लावली. ती उघडून, बघून, वापरून ठेवलेली प्रत होती.

गिलच्या जळालेल्या चित्रांपैकी काहींची छोटी लाकडी ठशांची चित्रं मात्र मागे राहिली. कशी? 1856 साली मिसेस स्पीअर नावाच्या बाईंनी प्राचीन भारतावरच्या आपल्या पुस्तकात ती छापली होती. म्हणजे महालात ठेवलेलं गेलं, आणि बाईंनी सहज उचलून नेलेलं राहिलं.

आमच्याही मिसेस स्पीअर निघाल्या. जळगावच्या मावशीचे यजमान. मी 2015 साली केव्हातरी तो कठड्यापाशीचा फोटो त्यांना मोबाइलवर पाठवला होता. काकांना रोज सकाळी साडेपाचला साठ लोकांना सुविचार पाठवायची सवय. त्यांनी आईच्या फोटोला चारी बाजूंनी गुलाब लावले, खाली दिवा लावला आणि पदरावरून पिवळ्या ठळक अक्षरांत लिहिलं, 'शुभ सकाळ'. ते कार्ड सगळ्यांना गेलं. मी त्या वेळी त्यांना हसलो होतो, आणि वाईट हसलो होतो. नऊ वर्षांनी फोन करून नुसता फोटो मागितला, तर म्हणाले, "तो पुसला रे, जागा नव्हती. पण कार्ड छान झालं होतं ना?" कार्ड पुण्याच्या एका वहिनींकडे सापडलं.

आई त्यात हसते आहे. वाघूर दिसते आहे. पदरावर पहाट.

भाचा म्हणाला, "मामा, अक्षरं काढून टाकतो. हल्ली यंत्र खालची साडी आपोआप भरून देतं. नाशिकच्या प्रसाद पवारांनी नाही का अजिंठ्याच्या चित्रांतल्या गेलेल्या जागा संगणकावर भरल्या!" मी म्हटलं, त्यांच्यासमोर शेजारच्या भिंती होत्या, वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, आणि मूळ भिंतीला त्यांनी बोट लावलं नाही. तुझ्या यंत्राला त्या साडीचे काठ काय माहीत? ही हळूच म्हणाली, "बुट्टीचे होते. बारीक." यंत्रानं कदाचित बुट्टी बरोबरही काढली असती. पण मग ती माझ्या आईची साडी झाली नसती, यंत्राच्या आईची झाली असती.

अक्षरं तशीच ठेवली. चांगल्या कागदावर आठ प्रती काढल्या आणि आठ घरी दिल्या. दर दिवाळीला आठही घरी जाऊन बघणार आहे, फराळाच्या निमित्तानं. काकांना पहिली. ते गुलाबांवर खूश होते. भाच्यालाही एक दिली. त्यानं ती टेबलावर नीट ठेवली, दिवा जवळ ओढला आणि खिशातून मोबाइल काढून तिचा फोटो घेतला.